आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिके : दोन सत्रांनंतरचा अनुभव

आपत्ती व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दोन सत्रे पूर्ण केल्यानंतर हे लिहीत आहे. आमच्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ‘प्रात्यक्षिकांवर भर’ असे ठळक छापलेले होते. तो भर खरोखरच आहे; मात्र तो कशावर आहे आणि कशावर नाही, हे प्रवेशापूर्वी समजून घेतलेले बरे.

कोसळलेल्या इमारतीतील शोध व बचाव हा भाग सर्वांत चांगला शिकवला गेला. काँक्रीटची लादी जॅकने उचलताना ती नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवायची नाही. इंचभर उचलली की लगेच तिच्याखाली लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून आधार द्यायचा आणि मगच पुढचा इंच घ्यायचा, ही शिस्त प्रशिक्षकांनी हातात बसेपर्यंत करून घेतली. ढिगाऱ्यावर हाक देण्यापूर्वी सर्व यंत्रे बंद करून शांतता राखायची, हाक देऊन ठोका मारायचा आणि कान देऊन ऐकायचे, हेही तिथेच शिकलो. बराच वेळ दबलेला पाय घाईने मोकळा केला, तर चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम रक्तात मिसळून हृदय बंद पडू शकते. म्हणून शक्य तिथे भार काढण्याआधीच सलाईन सुरू करण्यासाठी वैद्यकीय पथकाला बोलवायचे असते. पुस्तकात एका ओळीत आटोपणारी ही गोष्ट ढिगाऱ्याशेजारी गुडघ्यावर बसून ऐकताना कायमची लक्षात राहते.

जखमींच्या वर्गवारीचा सरावही मोलाचा होता. चालू शकणाऱ्यांना हिरवी पट्टी, श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल (म्हणजे उपचार तातडीने), श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळी (म्हणजे वाचण्याची आशा नाही), आणि प्रत्येकासाठी जेमतेम अर्धे मिनिट. काळी पट्टी बांधून पुढे सरकणे नाटकातही जड जाते. वार्षिक रंगीत तालमीचा मात्र पार सोहळा झाला होता: तारीख महिनाभर आधी जाहीर, मंडप, फलक, आणि पाहुणे येईपर्यंत ‘जखमी’ उन्हात पडून. तयारी तपासायची असेल तर निदान वेळ तरी गुप्त ठेवावी.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. दोर, शिरस्त्राण आणि रबरी बोट यांना जितके तास मिळाले, त्याच्या पावपटही नियंत्रण कक्षाच्या कामाला मिळाले नाहीत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि आमच्यापैकी बहुतेकांना पुढे काम मिळाले, तर ते अशाच कार्यालयांत मिळणार आहे. पंचगंगेची पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली असताना कोणत्या गावाला केव्हा हलवायचे, रस्ता पाण्याखाली जाण्याआधी किती तास हाती आहेत, निवारा केंद्रात गरोदर स्त्रिया व डायलिसिसवरील रुग्णांची नोंद कोण ठेवणार, जनावरे सोडून यायला तयार नसलेल्यांचे काय करायचे, या सगळ्याचा सराव एका टेबलटॉपमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून केलेल्या चर्चेच्या सरावात, दुपारभरात उरकला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला. बोट चालवण्याइतकेच तिच्यात किती जणांना बसवायचे आणि त्या गावाला ती वेळ येण्याआधीच कसे हलवायचे, हे शिकवणे गरजेचे आहे.

साहित्याबाबत थोडक्यात: दोर व स्ट्रेचर पुरेसे होते, काँक्रीट कापण्याचे यंत्र संपूर्ण तुकडीसाठी एकच असल्यामुळे अनेकांनी ते केवळ पाहिले. सुरक्षा बूट स्वतःचे घ्यावे लागतात.

तरीही मी या अभ्यासक्रमाची शिफारस करेन, कारण शोध व बचावाचे असे प्रशिक्षण विद्यापीठात सहसा मिळत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी विभागाला एवढेच विचारावे, की जून ते सप्टेंबर या काळात विद्यार्थ्यांना जिल्हा नियंत्रण कक्षात प्रत्यक्ष पाळीवर बसवले जाते का. आमच्या वेळी ही नेमणूक जानेवारीत झाली, जेव्हा कक्षातला दूरध्वनी क्वचितच वाजत होता.