द्राक्षाच्या घडाचा आयकॉन: कॅनव्हा, फिग्मा की फोटोपी?

नाशिकमध्ये घरून बेदाणे विकायला सुरुवात केली की आयकॉन आधी लागतो तो व्हॉट्सॲपच्या गोलात. धंदा जरा चालला की तोच पाकिटावर हवा असतो, आणि पुढे मेन रोडवरच्या एखाद्या दुकानाच्या पाटीवरही. त्यामुळे साधन निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवा: हा आयकॉन फोनच्या पडद्यावरच राहणार आहे, की छापलाही जाणार आहे?

पडद्यावरच राहणार असेल तर कॅनव्हा हे डिझाइनचे ॲप पुरते. फोनवर नीट चालते आणि त्यात मराठी फॉन्ट आहेत. द्राक्षे शोधली की तयार चित्रांची रांग लागते. अडचण या तयार चित्रांचीच आहे. तुमच्या पाकिटावरचा घड उद्या पिंपळगावच्या दुसऱ्या कोणाच्या पाकिटावर दिसला, तर तक्रार करायला जागा नाही. तयार चित्र वापरून केलेल्या लोगोचा ट्रेडमार्क एकट्याच्या नावावर करता येत नाही, हे कॅनव्हाच्या अटींतच आहे. साधे गोल आणि रेषा वापरून स्वतः काढलेत तर हा प्रश्न येत नाही. फुकट खात्यात पीएनजी (ठिपक्यांनी बनलेले साधे चित्र) आणि पीडीएफ मिळते, पण पारदर्शक पार्श्वभूमी आणि एसव्हीजी (कितीही मोठी करता येणारी) फाइल हवी असेल तर पैसे मोजावे लागतात.

फिग्मा हे ब्राउझरमध्ये चालणारे डिझाइनचे साधन फुकट खात्यातही एसव्हीजी देते, आणि छपाईसाठी माझे मत तिकडेच झुकते. एसव्हीजीत चित्र ठिपक्यांनी नव्हे, आकारांच्या गणिताने साठवलेले असते. त्यामुळे ते बोटाएवढे करा की दहा फुटी, कडा फाटत नाहीत. लॅपटॉप मात्र हवाच. पहिला तासभर पडदा परका वाटतो, मग सवय होते.

घड काढायला चित्रकला यावी लागत नाही. एक गोल काढा, कंट्रोल-डी दाबून त्याच्या प्रती करा, वर तीन, मधे दोन, खाली एक असे मांडा. दहा मण्यांचा घड मोठ्या पडद्यावर छान दिसतो, पण २४ पिक्सेलला (पडद्याच्या २४ ठिपक्यांएवढा छोटा केला की) त्याचा गोळा होतो. सहा पुरेत. पानासाठी दोन मोठे गोल एकमेकांवर अर्धवट चढवा आणि ‘इंटरसेक्ट’ करा, म्हणजे मधला पानासारखा तुकडा उरतो. (द्राक्षाचे पान असे नसते हे कुठलाही बागायतदार सांगेल, पण एवढ्याशा आयकॉनमध्ये चालून जाते.) देठ म्हणजे कोपरे गोल केलेला आयत. शेवटी ‘युनियन’ करून मण्यांचा एक आकार करा. मण्यांमध्ये थोडी फट ठेवली तर एका रंगातही घड ओळखू येतो, रबरी शिक्क्यालासुद्धा.

नाव मराठीत घालणार असाल तर फिग्माचा आणखी एक फायदा आहे. एसव्हीजी काढताना अक्षरांचे आकार होऊन जातात. फ्लेक्सवाल्याकडे कोरेलड्रॉ हे डिझाइनचे सॉफ्टवेअर जुने असले, तरी जोडाक्षरे तुटत नाहीत. २४ पिक्सेलच्या आयकॉनमध्ये मात्र नाव कोंबू नका, शिरोरेघेखाली सगळे चिकटते.

फोटोपीबद्दल थोडक्यात. ज्यांचा हात फोटोशॉपवर बसलेला आहे, त्यांना ते लगेच ओळखीचे वाटेल. खाते काढावे लागत नाही, पीएसडी म्हणजे फोटोशॉपची फाइल ब्राउझरमध्येच उघडते, पारदर्शक पीएनजीही फुकट मिळते. कोणीतरी आधी करून दिलेला लोगो दुरुस्त करायचा असेल तर उत्तम. कोऱ्या पानावर पहिला आयकॉन काढायला नवख्याने तिकडे जाऊ नये. त्याची सगळी ठेवण फोटो हाताळण्यासाठी आहे, आणि लेअरच्या (एकावर एक थरांच्या) गर्दीत साधा गोल शोधत बसावे लागते.

साधन कुठलेही घ्या, चौकोन १०२४ बाय १०२४ चा ठेवा. प्ले स्टोअरला ५१२ चा आयकॉन लागतो, तो यातूनच निघतो. व्हॉट्सॲप कोपरे कापते, म्हणून घड मधोमध हवा. पाटीची ऑर्डर देण्याआधी छपाईवाल्याला कुठली फाइल चालते ते विचारा आणि छोटा नमुना छापून घ्या. पडद्यावर झळकणारा जांभळा रंग फ्लेक्सवर बऱ्याचदा मळकट उतरतो.