थंडी दीड महिन्याची, विणकाम वर्षभराचं: विदर्भात काय विणायला घ्यावं?

विदर्भातल्या खेड्यात विणकाम करणाऱ्यांपुढे एक पेच कायमचा. खरी म्हणावी अशी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, फार तर दीड-दोन महिने. पण येते तेव्हा चांगलीच येते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. नेमकी त्याच दिवसांत कापसाची वेचणी सुरू असते, सुया हातात घ्यायला सवड नाही. सवड मिळते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा ४५ अंशांत मांडीवर लोकरीचा ढीग कोण घेऊन बसणार? वर्षाच्या शेवटी पेटी उघडली की अर्धवट राहिलेल्या कामांची कारणं बहुतेक इथेच सापडतात.

त्यामुळे नमुना आवडला का, हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी बघायचं ते काम किती टाक्यांचं आहे, कोणत्या महिन्यात हातात राहणार आहे आणि ज्याच्यासाठी विणायचं तो ते किती दिवस अंगात घालणार आहे.

टाक्यांचा हिशेब

मध्यम जाडीची लोकर (दुकानात डबल निटिंग म्हणून मागायची) आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया धरल्या, तर १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात. या मापाने मोठ्या माणसाची कानटोपी सुमारे ६ हजार टाक्यांची होते. बाळंतविडा, म्हणजे स्वेटर, टोपडं आणि पायमोजे मिळून १५-१६ हजार. बिनबाह्यांचं जाकीट ३५ हजारांच्या आसपास. पूर्ण बाह्यांचा स्वेटर ५५ हजार. सरावाचा हात तासाला हजार-बाराशे टाके घालतो, नवीन हात त्याच्या निम्मे. वजनात बोलायचं तर कानटोपीला ६०-८० ग्रॅम, बाळंतविड्याला १२०-१५०, जाकिटाला २५०-३०० आणि पूर्ण स्वेटरला ४५०-५०० ग्रॅम लोकर लागते.

मफलर मुद्दाम वेगळा ठेवला. शिकणाऱ्या मुलीला पहिलं काम म्हणून सगळे मफलरच सांगतात, कारण त्यात कमी करणं नाही, वाढवणं नाही. पण २० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलर म्हणजे ४४ टाक्यांच्या ४२० ओळी, साडेअठरा हजार टाके. बाळंतविड्याहून जास्त, आणि सगळे एकसारखे. वीत-दीड वीत झाल्यावर कंटाळा येतो आणि तो दिवाळीपर्यंत खुंटीला लटकतो. त्यात एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण धरली तर दोन्ही कडा आत वळून मफलरची सुरळी होते. इस्त्री करूनही ती उलगडत नाही. मफलर करायचाच तर सगळ्या ओळी सुलट घ्या, किंवा दोन सुलट-दोन उलट अशी वीण घ्या. पहिलं काम म्हणून मात्र कानटोपीच बरी. ११० टाके, चार बोटं काठ, मग साधी वीण, शेवटी दर दुसऱ्या ओळीत सारख्या अंतराने टाके कमी करत जायचं. आठवड्याभरात डोक्यावर चढते, आणि पहाटे म्हशीचं दूध काढणाऱ्यापासून रात्री ओलिताला जाणाऱ्यापर्यंत घरात ती सगळ्यांनाच हवी असते.

जाकीट की पूर्ण स्वेटर

इथे आमचा कौल सरळ जाकिटाला. दोन बाह्या म्हणजे जवळजवळ २० हजार टाके, जाकिटावर निम्म्याहून जास्त काम. त्या बदल्यात मिळतं काय? आपल्याकडची थंडी पहाटेची आणि रात्रीची. सकाळी सहाला शेतात दव आणि हातपाय गारठलेले, दहा-अकराला ऊन असं चढतं की अंगातलं काढून धुऱ्यावर ठेवावं लागतं. म्हणून पुढून उघडणारं, गुंड्यांचं जाकीट सोयीचं. डोक्यातून घालायचा स्वेटर दर वेळी ओढून काढताना गळ्यात आणि काखेत ताणला जातो. शिवाय वेचणीत बाह्या पऱ्हाटीत अडकतात. वाळलेल्या बोंडाची टोकं टणक असतात, धागा ओढला गेला की पुढची वीतभर ओळ आवळते. कुसळं तर साध्या, घट्ट विणीतसुद्धा शिरतात. जाळीच्या नमुन्याचा स्वेटर शेतात नेणं म्हणजे तो वाया घालवणंच.

पूर्ण स्वेटरची बाजूही आहे. म्हातारी माणसं दिवसभर घरात, सावलीत बसतात, त्यांना बाह्या हव्यात. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या बाजूला थंडी जास्त आणि जास्त दिवस, तिथेही पूर्ण स्वेटरचं सोनं होतं. कॉलेजच्या पोरांसाठी विणण्याआधी मात्र दोनदा विचार करा: नागपुरात हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात, तिथला मशीनचा माल पातळ, फॅशनचा आणि स्वस्त असतो. ५५ हजार टाके घालून त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

दोन्हीत फसगत एकाच ठिकाणी होते, ती मापात. छाती ९६ सेंटिमीटर, त्यात ८ सेंटिमीटर सैलपणा धरला की १०४. दहाला २२ टाके, म्हणजे एकूण सुमारे २२९, पाठीला ११४. हे गणित सगळ्यांना येतं. पण विणणारीचा हात घट्ट असेल आणि दहात २२ ऐवजी २४ टाके बसत असतील, तर तेच २२९ टाके ९५ सेंटिमीटरमध्ये संपतात. म्हणजे माणसाच्या छातीपेक्षाही कमी. गुंड्या लागणारच नाहीत. म्हणून आधी ३० टाक्यांचा, १२-१३ सेंटिमीटर उंचीचा तुकडा विणा, धुऊन वाळवा, आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. जास्त भरले तर एक नंबर जाड सुई घ्या. आणि इथेच दुसरी गंमत: आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर ३.२५ मिलिमीटरची. ‘मोठी सुई’ म्हणून कुणी ९ नंबर आणला की घट्ट वीण आणखी घट्ट. काठाला १० नंबर, अंगाला ८ नंबर, हा जुना हिशेब आजही चुकत नाही.

बाळंतविडा: महिना बघून माप

टाके कमी, लोकर कमी, कौतुक सर्वांत जास्त, आणि विकायचा झाला तर बचत गटाच्या टेबलावरून पहिला हाच उचलला जातो. तरी पेटीत न वापरता पडलेल्या वस्तूंमध्येही याचाच नंबर पहिला लागतो, कारण माप बारशाचं धरलेलं असतं.

बाळ कोणत्या महिन्यात होणार ते विचारा. जन्मतः छाती ३३ सेंटिमीटरच्या आसपास, डोक्याचा घेर ३४-३५. नोव्हेंबर-डिसेंबरचं बाळ असेल तर तयार स्वेटरचा घेर ४२-४४ ठेवला की पूर्ण थंडी निघते. एप्रिलचं बाळ मात्र पौषात आठ-नऊ महिन्यांचं असेल. छाती आणि डोकं दोन्ही ४४-४५ पर्यंत गेलेलं. त्याला स्वेटरचा घेर ५० हवा. वैशाखात बारशाला दिलेला नवजात मापाचा लोकरी संच त्या बाळाच्या अंगाला कधीच लागत नाही. अशा वेळी सुती टोपडं आणि दुपटं द्यावं, लोकरीचं काम दिवाळीला.

दुसरा हमखास घोटाळा गळ्याचा. गळ्याच्या पट्टीचे टाके घट्ट बंद झाले की स्वेटर डोक्यातून जात नाही, आणि लेकरू रडून आकांत करतं. टाके बंद करताना उजव्या हातात दोन नंबर जाड सुई धरा, आणि एका खांद्यावर शिवण न घालता दोन-तीन गुंड्या ठेवा. गळ्यात ओवलेली लोकरीची दोरी किंवा रिबिन दिसायला गोड, पण लहान बाळाच्या गळ्याभोवती दोरी नकोच. गुंड्या दुहेरी दोऱ्याने पक्क्या लावा. पायमोज्यांत दोन रंगांचा नमुना टाळा. आतल्या बाजूला लोंबणारे धागे बाळाच्या बोटांना गुंडाळले जातात आणि मोजा काढेपर्यंत कळतही नाही.

लोकर, अ‍ॅक्रिलिक की सूत

तालुक्याच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. खात्री करायची तर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा: खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. हा मणी लक्षात ठेवा, कारण शेकोटीजवळ हाच धोका आहे. ठिणगी पडली तर अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. चुलीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि रात्री शेकोटीवर राखणीला बसणाऱ्याला खरी लोकर किंवा निदान सुतीच बरी.

बाकी रोजच्या वापरात अ‍ॅक्रिलिक सोपं पडतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यात साध्या पावडरने धुतलं तरी चालतं, कसर त्याला सहसा लागत नाही. फक्त गरम इस्त्री लावू नका. एकदा तापलं की वीण लुळी पडते, पुन्हा उभी राहत नाही. खरी लोकर उलट नाजूक: गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ती आटून नमद्यासारखी होते, सोड्याच्या पावडरने केसाळ होते. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून दाबायची, पिळायची नाही, बाजेवर चादर टाकून आडवी वाळवायची. दोरीवर टांगली की गुडघ्यापर्यंत लोंबते. पावसाळ्यात पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, पण ठेवण्याआधी धुऊन घ्या, कारण कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी बसते.

सुताचं दुःख वेगळं. कापसाच्या या मुलखात दुकानात अ‍ॅक्रिलिकचे डझनभर रंग असतात आणि विणायचं सूत शोधावं लागतं. चरख्यावरचं एकेरी सूत तसंच सुयांवर घेतलं तर पीळ जास्त असल्यामुळे कापड तिरकं जातं, शिवणी पोटावर येतात. दोन-तीन पदर उलट्या दिशेने पिळून घेतले तर काम नीट होतं. सुताला लवचिकपणा नाही, त्यामुळे काठ लवकर सैल पडतो. काठाला १० ऐवजी १२ नंबर सुई घ्या. पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून तुकडा धुऊनच मोजायचा. लाल आणि निळा रंग पांढऱ्याबरोबर घेण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून बघा.

सुया की क्रोशा

मधेच उठावं लागतं, एसटीत बसून करायचं, घरात रांगतं मूल आहे, तर क्रोशा. क्रोशात एकच टाका मोकळा असतो. सुटला तरी दोन-चार खांब (उभे टाके) उसवतात आणि पुन्हा घालता येतात. सुयांवर शंभर टाके उघडे असतात. त्यातला एक गळला की खाली शिडी पडत जाते. घाबरून सगळं उसवू नका. सुलट बाजू समोर घ्या, बारीक क्रोशाची सुई शिडीच्या तळाशी असलेल्या मोकळ्या फासात घाला, वरची आडवी पायरी ओढून फासातून काढा, मग तिच्या वरची. शेवटच्या पायरीपर्यंत आलात की टाका डाव्या सुईवर चढवा. पायऱ्या क्रमाने घ्यायच्या. एक सुटली की तिथे आडवा धागा दिसत राहतो.

क्रोशाला त्याच क्षेत्रफळाला पाव ते एकतृतीयांश जास्त लोकर लागते आणि कापड जाड, कमी ताणणारं होतं. म्हणून अंगावरचे कपडे सुयांवर, आणि दुपटं, तोरण, रुमाल क्रोशावर. मे महिन्यासाठी तर क्रोशाचे चौकोनच उत्तम, कारण मांडीवर एका वेळी तळहाताएवढंच काम असतं. १५ सेंटिमीटरचे ३० चौकोन म्हणजे ७५ बाय ९० चं दुपटं, सुमारे ४०० ग्रॅम. मात्र प्रत्येक चौकोनात चार रंग घेतले तर ३० चौकोनांना २४० टोकं होतात. चौकोन संपला की तिथेच ती आत दडवा. श्रावणात जोडायला बसल्यावर २४० टोकं समोर आली की दुपटं तसंच गाठोड्यात परत जातं. श्रावण-भाद्रपदात पावसाने शेत बंद असतं तेव्हा हे जोडकाम आणि जाकिटाची पाठ-पुढा उरकून घ्यावी. सोयाबीन कापणीला आली की मग फक्त गुंड्या आणि काजं राहिलेली हवीत.

रुखवतासाठी मोठा टेबलक्लॉथ करायला सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. मांडून फोटो निघतो, नंतर तो सासरच्या कपाटात जातो, कारण घरात तेवढं टेबलच नसतं. त्याऐवजी पाण्याच्या माठावरचे, देव्हाऱ्यातले रुमाल द्या, रोज वापरात राहतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून १२ सेंटिमीटरचे गोल रुमाल करायचे तर एकाला ८-१० ग्रॅम सूत धरा, २५ नगांना पाव किलो. सगळं सूत एकाच वेळी आणि वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे रंगाईच्या खेपेचा आकडा, सारखा बघून घ्या. जानेवारीत कमी पडलेली सुताची गुंडी आणायला गेलात तर तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये एक छटा गडद निघतो. रुमालात तो खपून जातो, जाकिटाच्या छातीवर आडवा पट्टा दिसतो.