कॉफीचा परफ्यूम: ब्लॅक ओपियम, इंटॉक्सिकेटेड की अवेक?

कॉफीच्या वासाचा महागडा परफ्यूम घ्यायचं मनात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माझ्या स्वभावाला कोणता शोभेल? प्रश्न योग्यच आहे, पण तो थोडा लवकर विचारला जातो. त्याआधी बाटलीतली कॉफी अंगावर किती वेळ राहते, हे कळायला हवं.

भाजलेल्या कॉफीच्या वासात शेकडो घटक असतात. तरी नाकाला ‘ही कॉफीच’ अशी खूण पटते त्यात मोठा वाटा फरफ्युरिल मर्कॅप्टन नावाच्या एका गंधकयुक्त रसायनाचा. त्याचा लवलेशही पुरतो. प्रमाण वाढलं की तोच वास करपट, उग्र होतो. त्यामुळे परफ्यूम बनवणारे कॉफीला एकटं सोडत नाहीत. व्हॅनिला, वेलदोडा, गुलाब, पॅचुली (मातकट वासाचं एक सुगंधी पान) असा कसला तरी आधार तिला देतात. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉफी हळूहळू मागे सरते आणि उरलेला दिवस तुम्ही त्या आधारासोबत काढता. मी स्वतः एकदा दुकानातल्या कागदी पट्टीवरची कडक कॉफी हुंगून भाळले आणि बाटली घेऊन आले. दुपारपर्यंत अंगावर नुसती गोड व्हॅनिला उरली होती, आणि गोड वास मला फार वेळ सोसत नाही. म्हणून निवड करताना मी आधी कॉफीमागचा वास बघते.

इव्ह सां लोरांचा ब्लॅक ओपियम 2014 साली आला. या प्रकारातलं सर्वांत ओळखीचं नाव हेच. त्यावर चार परफ्यूमरांनी काम केलं आहे: नॅथली लोरसन, मारी सालामान्य, ऑलिव्हिए क्रेस्प आणि ऑनोरिन ब्लां. सुरुवातीला नासपती आणि गुलाबी मिरी, मग कॉफीसोबत नारिंगीची फुलं आणि जाई, तळाशी व्हॅनिला आणि पॅचुली. ही दूध-साखर घातलेली कॉफी आहे. ती लावून तुम्ही खोलीत शिरलात की लोकांना कळतं, आणि निघून गेल्यावरही दरवळ मागे राहतो. ज्यांना माणसांत रमायला आवडतं, संध्याकाळी बाहेर पडताना नटायला आवडतं, कुणी ‘काय लावलंयस?’ असं विचारलं की ज्यांचा चेहरा खुलतो, त्यांनी फार विचार न करता हा घ्यावा. एक अडचण मात्र आहे. तो इतका लोकप्रिय आहे की आपल्यासारखाच वास दुसऱ्या कुणाच्या अंगावर येणारच. ते खटकणार असेल तर पुढे वाचा.

किलियनचा इंटॉक्सिकेटेडही 2014चाच, कालीस बेकर यांनी घडवलेला. कॉफीचा परफ्यूम म्हणून मला एकच ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन. त्यात कॉफी वेलदोड्यासोबत येते, मागे जायफळ आणि दालचिनी. छोट्या भांड्यात मसाला घालून उकळलेल्या तुर्की कॉफीची आठवण व्हावी असा हा मेळ आहे. गोडवा यातही आहे, चांगलाच आहे, पण मसाल्याने त्याला धरून ठेवलंय, त्यामुळे तो अंगावर येत नाही. वेलदोडा कॉफीसारखाच तरतरीत असल्याने कॉफी विरली तरी आपण तिच्याच सोबत आहोत असं बराच वेळ वाटत राहतं. माझ्या दुपारच्या तक्रारीवर मला सापडलेलं उत्तर हेच. शेजारी बसलेल्याला आवडावा, पण खोलीभर गाजावाजा नको, असं वाटणाऱ्या माणसाचा हा परफ्यूम. थंडीत तो जास्त खुलतो. कडक उन्हात मसाला जड होतो.

तिसरा आक्रोचा अवेक. तो ऑलिव्हिए क्रेस्प यांचा, म्हणजे ब्लॅक ओपियमच्या चौघांतल्याच एकाचा. 1992 साली म्युग्लरच्या एंजल या परफ्यूममधून खाण्याच्या पदार्थांसारख्या गोड वासांची लाट आली, तीही क्रेस्प यांच्याच हातून. त्याच माणसाने अवेकमध्ये लिंबू, कॉफी, वेलदोडा आणि व्हेटिव्हर, म्हणजे आपला वाळा, असं एकत्र आणलं आणि गोडाला जवळजवळ रजा दिली. कोरडी, बिनसाखरेची, सकाळची कॉफी. कामाच्या ठिकाणी रोज लावण्यासारखा तिघांत हा एकच. गोड वासाने डोकं दुखणाऱ्यांनी सरळ इथूनच सुरुवात करावी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. टॉम फोर्डचा कॅफे रोझ आणि मोंतालचा इंटेन्स कॅफे नावाने कॉफीचे असले तरी मनाने गुलाबाचे आहेत. गुलाब आवडत नसेल तर वाटेला जाऊ नका. म्युग्लरचा 1996चा ए-मेन मात्र धीट आहे. कॉफी, डांबर, पुदिना, कॅरॅमल असं सगळं एकदम. आवडला तर जीव जडतो, नाहीतर दोन मिनिटांत हात धुवावासा वाटतो.

आता स्वभावाचं. परफ्यूम बघून माणूस ओळखता येतो असं मी म्हणणार नाही. पण आपली निवड आपल्या अंगाला खरोखर मानवते, याला आधार आहे. प्रागमधल्या संशोधकांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या अंगगंधात त्याने स्वतः निवडलेला परफ्यूम मिसळला, तर तो मेळ हुंगणाऱ्यांना दुसऱ्याच कुठल्या परफ्यूमपेक्षा अधिक आवडला. म्हणून मैत्रिणीच्या अंगावर सुरेख वाटला एवढ्यावर घेऊ नका, आणि भेट म्हणून परस्पर आणूही नका.

निवडताना दोन्ही मनगटांवर वेगवेगळा परफ्यूम मारा, चोळू नका, आणि दुकानातून बाहेर पडा. नाक ताजं करायला म्हणून काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, त्या हुंगू नका. त्यांचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही असं 2011च्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि तुम्ही तर कॉफीच शोधताय; त्या वासाला नाक आधीच सरावलं तर मनगटावरची कॉफी कळणार कशी? त्यापेक्षा बाहेरची हवा घ्या. तीन तासांनी पुन्हा मनगट हुंगा. रात्री शर्टाच्या बाहीला जो वास उरला असेल, तो सकाळी उठल्यावर पुन्हा घ्यावासा वाटला, तर त्याच बाटलीसाठी परत जा.