मुंबईत बांधलेलं जहाज बघायचंय? हार्टलपूलला जा (५ पैकी ५)

इंग्लंडला येणारे आपले लोक लंडन करतात, एडिनबरा करतात आणि परत जातात, हार्टलपूल कोणाच्या लिस्टमध्येच नसतं. आम्ही गेलो ते बाबांमुळे. त्यांचं आख्खं आयुष्य सुतारकामात गेलंय, आणि मुंबईच्या गोदीत बांधलेलं २०० वर्षं जुनं लाकडी जहाज इथे अजून पाण्यावर तरंगतंय असं मी सांगितल्यापासून रोज एकच प्रश्न, कधी जायचं.

जहाजाचं नाव एचएमएस ट्रिंकोमाली, ब्रिटिश नौदलाची युद्धनौका. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलं, ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. तेव्हा नेपोलियनच्या लढायांमुळे इंग्लंडात चांगलं ओक मिळेना म्हणून काम मुंबईला आलं आणि लाकूड वापरलं मलबारचं सागवान. जहाज बांधायच्या नकाशांचा किस्सा तर भारीच, ते ज्या जावा नावाच्या जहाजातून निघाले होते ते १८१२ मध्ये अमेरिकन नौदलाने लढाईत पकडलं, मग परत नवीन नकाशे पाठवावे लागले आणि या सगळ्यात इतकी वर्षं गेली की ट्रिंकोमाली तयार होईपर्यंत नेपोलियनच्या लढायाच संपलेल्या! १८१९ ला इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदराला पोचलं आणि १८४५ पर्यंत नुसतं राखीव म्हणून उभं. काम सुरू करताना वाडियांनी तळाच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकला होता, पारशी रीतीप्रमाणे. हे ऐकून बाबा एकदम खूश, आपणही मुहूर्ताशिवाय करवत लावत नाही म्हणाले.

खालच्या डेकवर वाकून चालावं लागतं आणि जिने एकदम उभे आहेत, गुडघेदुखी असेल तर सांभाळून. पण उतराच. तिथे बाबा एका तुळईवर हात ठेवून किती तरी वेळ उभे होते. मग मला समजावलं की ओकमधलं टॅनिन लोखंडाच्या खिळ्यांना खातं, सागातलं तेल उलट त्यांना जपतं, म्हणून हे टिकलं. १८९७ मध्ये हे भंगारात गेलं होतं हो, तिथून एकाने विकत घेऊन वाचवलं, फूड्रॉयंट नाव देऊन पोरांना दर्यावर्दीपणा शिकवायला वापरलं, १९८७ ला हार्टलपूलला आणलं आणि मग दहाएक वर्षं खपून दुरुस्त केलं. आज तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये हीच सगळ्यात जुनी. एचएमएस व्हिक्टरी ही दुसरी ब्रिटिश युद्धनौका हिच्याहून जुनी आहे पण ती कोरड्या गोदीत.

आजूबाजूला जुन्या काळचा धक्का उभा केलाय, दुकानं वगैरे, लहान मुलं असतील तर त्यांना आवडेल. आम्ही मात्र जास्त वेळ जहाजावरच काढला. निघताना नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, पगडीवाल्या पुतळ्याखाली बाबांचा फोटो काढला, तो त्यांनी तिथूनच गावच्या सगळ्या सुतारांना पाठवला.