मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि घरचा सांभाळ: गावचे घर बरे की शहरातला फ्लॅट?

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार) असलेला मुलगा भिंतीला धरून चालू लागला आणि जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकू लागला, की गोव्यातील सत्तरी, पेडणे किंवा काणकोण तालुक्यातील कुटुंबापुढे एक प्रश्न उभा राहतो: गावच्या घरातच राहावे, की बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ फ्लॅट भाड्याने घ्यावा? बहुतेक जण आधी इस्पितळाचे अंतर मोजतात. माझ्या मते ते सर्वांत शेवटी मोजावे. फुफ्फुसांची आणि स्नायूंची तपासणी साधारण सहा महिन्यांनी व हृदयाची वर्षातून एकदा होते. उलट, चालणे थांबल्यावर, म्हणजे आजाराची गती कमी करणारे स्टिरॉइड औषध चालू नसल्यास बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आत आणि असल्यास दोन-तीन वर्षांनी उशिरा, मुलाला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून शौचालयात, तेथून न्हाणीघरात असे दिवसातून कित्येकदा उचलावे लागते.

म्हणून पहिला प्रश्न उचलणाऱ्या हातांचा. गावच्या घरात काका, आजोबा, शेजारचा तरुण असे हात असतात, हा गावाचा मोठा गुण. मात्र गणेश चवथीला भरलेले घर पाहून माणसांचा हिशेब करू नये, आषाढातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी सात वाजता घरात कोण असते ते पाहावे. फ्लॅटमध्ये बहुधा एकटी आई असते, आणि स्टिरॉइडमुळे मुलाचे वजन वाढलेले असते. शिवाय हा आजार अनेकदा आईकडून आलेल्या जनुकातून होतो आणि अशा वाहक स्त्रियांच्या हृदयाचे स्नायूही कमजोर होऊ शकतात, तेव्हा तिच्यावर उचलण्याचा भार टाकण्यापूर्वी तिचीही हृदयतपासणी करून घ्यावी. काखेत हात घालून उचलणे दोन्हीकडे वर्ज्य आहे, कारण खांद्याचे स्नायू ढिले असल्याने मूल हातांतून निसटते.

माणसे कमी असतील तर उचलण्याचे यंत्र, म्हणजे होइस्ट, लागते आणि येथे दोन्ही घरे आपापली अडचण दाखवतात. कौलारू घराच्या जुन्या वाशांवर छताचा होइस्ट टांगू नये. जमिनीवर फिरणारा होइस्ट फ्लॅटच्या सपाट फरशीवर उत्तम चालतो, पण त्याचे पाय पलंगाखाली जावे लागतात. खाली सामानाची पेटी असलेला बॉक्स-पलंग असेल तर तो आधी काढावा लागतो.

बांधणीच्या बाबतीत गावच्या चिऱ्याच्या घराचे जोते हीच खरी अडचण. अडीच फूट उंचीच्या जोत्यासाठी, एकास बारा या उताराने, तीस फूट लांब रॅम्प लागतो; अंगण असेल तर तो होतो, आणि घर स्वतःचे असल्याने उंबरठा काढायला कोणाची परवानगी लागत नाही (घरातील वडीलधाऱ्यांची सोडून). फ्लॅटमध्ये पायऱ्या नसल्या तरी न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे किंवा त्याहूनही अरुंद निघते आणि चौकट वजा केल्यावर चाकाची खुर्ची आत जात नाही. लिफ्ट असली तरी तिचे दार मोजावे, आणि वीज गेल्यावर ती चालते का हे विचारावे. तळमजला मिळाला तर या शंकांपैकी निम्म्या मिटतात.

पुढे श्वासाचे स्नायू दुबळे झाले की रात्री मुखवट्यातून श्वासाला आधार देणारे बायपॅप यंत्र लागते, आणि तेव्हा गावाची बाजू हलकी होते. पहिल्याच वादळी पावसात झाड तारांवर पडून वीज जाते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखाच सुरळीत प्रवाह देणारा) असावा. वीज नसताना यंत्राचा आर्द्रता देणारा हीटर बंद ठेवला तर बॅटरी बरीच अधिक टिकते. शहरात वीज लवकर परतते, पण तेथेही यंत्राला बॅटरी हवीच. रात्री कूस बदलण्यासाठी मूल हाक मारते, म्हणून कोणीतरी त्याच खोलीत झोपावे लागते. गावच्या घरात ही पाळी वाटून घेता येते.

आणीबाणीत मात्र फ्लॅटचे पारडे उघडच जड आहे. सत्तरीतल्या वाळपईहून बांबोळीला जायला सुमारे तासभर लागतो, आणि १०८ची रुग्णवाहिका आधी जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊ शकते. तेथील डॉक्टरांनी असा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. म्हणून खुर्चीच्या पिशवीत एक कागद कायम ठेवावा: श्वासाला यंत्राचा आधार न देता केवळ ऑक्सिजन लावणे धोक्याचे, स्टिरॉइड अचानक थांबवू नये, आणि भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध टाळावे.

पैशाचे थोडक्यात: अपंगत्व प्रमाणपत्राला पत्त्याने फरक पडत नाही, कारण २०१६च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत हा आजार येतो. भाडे मात्र वर्षानुवर्षे भरायचे असते.

माझा कौल असा: घरात दोन धडधाकट माणसे रोज असतील आणि अंगणात रॅम्प बसत असेल, तर बायपॅप लागेपर्यंत गावीच राहावे, यांतील एक गोष्ट जरी नसेल, तरी चालणे थांबण्यापूर्वीच तळमजल्याचा फ्लॅट शोधावा. अनामत देण्याआधी, न्हाणीघराचे दार रुंद करण्याची आणि भिंतीला आधाराचे दांडे बसवण्याची परवानगी मालकाकडून करारनाम्यात लिहून घ्यावी.