दहावी-बारावीनंतर काय? आधी जिल्ह्याच्या रोजगार केंद्रात जाऊन या

पुतण्याची दहावी झाली, तर एका खाजगी काउन्सेलरकडे गेलो, तिथे भरमसाठ फी घेऊन रंगीत रिपोर्ट हातात दिला आणि वर त्यांच्याच क्लासची ॲडमिशन गळ्यात मारायला बघत होते, राग आला खरं सांगतो. मग कुणीतरी म्हणालं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन बघा. जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज हो, तेच. इथे एक पैसा लागला नाही. तिथल्या मॅडमनी पोराला आधी विचारलं, तुला हाताने काय करायला आवडतं? तो म्हणाला मोटार वायंडिंग. मग कागदावर रेघा मारून दाखवलं, दोन वर्षांचा आयटीआय, तिथून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, पुढे डिग्रीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं!! राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नोंदणी फुकट, रोजगार मेळावेही तिथेच कळतात. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलसुद्धा 2015 पासून आहे, तेही फुकट. फक्त आधार कार्ड न्या आणि पोराला बोलू द्या, आईबापांनी मधे मधे उत्तरं देऊ नका. माझ्याकडून पाचपैकी पाच.