औषधाच्या बाटलीआधी घ्यायची पेटी: पाणी तपासायच्या थेंबांच्या संचाबरोबर अडीच वर्षं

अडीच वर्षांपूर्वी माझ्या टाकीखालच्या कपाटात माशांच्या औषधांच्या पाच बाटल्या होत्या. मॅलाकाइट ग्रीन, मेथिलीन ब्लू, पंख सडण्यावरची एक, बुरशीवरची एक आणि 'सर्व रोगांवर' असं लिहिलेली एक. पाणी मोजायचं साधन मात्र एकही नव्हतं. पाणी काचेसारखं नितळ दिसायचं, वास येत नसे, मग त्यात मोजायचं काय, असंच वाटायचं.

टाकी ११० लिटरची. त्यात १२ कार्डिनल टेट्रा (लाल पट्ट्याचे छोटे मासे) आणि ६ कोरिडोरास (तळाशी राहणारे मासे). एका रविवारी मी फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली धरला आणि पिळून पिळून अगदी नव्यासारखा होईपर्यंत धुतला. बुधवारी टेट्रा पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करायला लागले. कोरिडोरास तळाशी बसून होते, कल्ले भराभर हलत होते, पाठीवरचा पंख मिटलेला. कल्ल्यांना परजीवी लागलाय अशी माझी खात्रीच झाली. मॅलाकाइट ग्रीनचा डोस दिला. गुरुवारी फरक दिसेना म्हणून आणखी एक दिला. शनिवारपर्यंत ७ टेट्रा आणि २ कोरिडोरास गेले. त्यातला एक कोरिडोरास पाच वर्षं माझ्याकडे होता.

शनिवारी संध्याकाळी मासे पाळणारा एक मित्र आला. सोबत त्याचा टेस्ट किट होता. त्याने दोन नळ्यांत टाकीचं पाणी घेतलं आणि एकीतच थेंब टाकले. दुसरी नुसती शेजारी धरायला, कारण औषधाने पाण्याला किंचित हिरवट छटा आली होती आणि तिने फसायला नको. पाच मिनिटांनी नुसत्या पाण्याच्या नळीत जेमतेम रंग दिसत होता, थेंबांची नळी हिरवीगार झाली होती. तक्त्यावर अमोनिया २ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचा आकडा, ८.

"अरे, आधी पाणी तरी बघायचंस," एवढंच तो म्हणाला.

माशांना रोग झालाच नव्हता. माशांनी सोडलेला अमोनिया फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. ते जिवाणू त्या स्पंजवर राहत होते आणि नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने मी ते धुऊन, मारून टाकले होते. त्यानंतर तीन दिवस मासे स्वतःच सोडलेल्या अमोनियात पोहत होते. अमोनियाने भाजलेल्या कल्ल्यांवर मी वरून औषध ओतलं, आणि मॅलाकाइट ग्रीन जास्त झालं तर ते स्वतःच श्वासावर घाला घालतं. टेट्रांसारख्या नाजूक माशांना तर ते मुळातच कमी द्यायचं असतं.

त्याच आठवड्यात मी थेंबांचा संच घेतला. त्याबद्दल हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक चांगल्या संचांना लागू पडतं.

पेटीत सात बाटल्या, काचेच्या चार नळ्या, त्यांची झाकणं आणि रंगांचे तक्ते. चार तपासण्या होतात: पीएच (कमी आणि जास्त पल्ल्याच्या दोन वेगळ्या बाटल्या), अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट. नळीवर ५ मिलीची रेघ आहे. अमोनियासाठी दोन बाटल्यांतले ८-८ थेंब, नायट्राइटला ५ थेंब, नायट्रेटला दोन बाटल्यांतले १०-१०. थेंब टाकताना बाटली अगदी उभी धरायची. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. मग झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. नळीच्या तोंडावर बोट ठेवून हलवायची सवय लावून घेऊ नका. काही बाटल्यांत तीव्र आम्ल असतं, काहींत तीव्र अल्कली. नळीतलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही, आणि पेटी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

अमोनियाची नळी पिवळी राहिली म्हणजे शून्य, हिरवी होत गेली म्हणजे वाढता धोका. नायट्राइटची फिकट निळी म्हणजे शून्य, जांभळी झाली की सावध व्हायचं. नायट्रेट पिवळ्यापासून नारिंगीकडे आणि पुढे लालकडे जातं. जिवाणू नीट बसलेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. नायट्रेट थोडं असणारच, ते वाढलं की पाणी बदलायची वेळ झाली.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नये, हे मला या संचाने शिकवलं. तो एकूण अमोनिया दाखवतो. त्यातला थोडाच भाग विषारी रूपात असतो, आणि तो किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे मित्राच्या मृदू पाण्याच्या, कमी पीएचच्या टाकीत ०.५ आलं तर आज संध्याकाळी पाणी बदललं तरी चालतं, माझ्याकडे ०.५ आलं तर हातातलं काम टाकून बादली उचलायची. म्हणून अमोनिया आणि पीएचच्या नळ्या मी नेहमी बरोबरच लावतो.

नायट्राइटचा त्रास वेगळा. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद काढून घेतं. पाण्यात हवा भरपूर असली तरी मासा गुदमरतो, कल्ले तपकिरी पडतात. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं 'मासा आजारी आहे' असंच दिसतं. पाण्यात थोडं मीठ असलं तर त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांत शिरू देत नाही. पण मीठ घालायची वेळ आली आहे हे कळायला ती जांभळी नळी आधी डोळ्यांसमोर यावी लागते.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीबद्दल. तिच्यात तळाशी बारीक पूड बसते आणि बाटली जोरात हलवल्याशिवाय ती थेंबात येत नाही. सूचनापत्रात ३० सेकंद हलवा असं लिहिलंय, पण इतक्या बारीक अक्षरात, बाकीच्या मजकुरात मिसळून, की पहिले चार महिने मी बाटली दोनदा उलटीपालटी करून थेंब टाकत होतो. रंग सारखा पिवळाच. मी समाधानात होतो की माझ्या टाकीत नायट्रेट वाढतच नाही, आणि पाणी तीन-तीन आठवडे बदलत नव्हतो. काचेवर हिरवं शेवाळ दाटलं, टेट्रांचा लाल पट्टा फिका पडला, तेव्हा संशय आला. बाटली टेबलावर आपटून, मग पूर्ण अर्धा मिनिट हलवून तीच तपासणी परत केली. नळी लाल झाली. ज्या एका पायरीवर सगळी तपासणी अवलंबून आहे ती बाटलीच्याच अंगावर ठळक छापायला हवी होती. मी आता त्या बाटलीवर चिकटपट्टी लावून 'आधी हलव' असं लिहून ठेवलंय.

दुसरी तक्रार रंगांची. अमोनियाचं शून्य आणि ०.२५ यांत फरक इतका पुसट आहे की मी ०.२५ म्हणतो आणि बायको शून्य म्हणते. पिवळसर दिव्याखाली तर काहीच खरं वाटत नाही. यावर मित्राचीच युक्ती पुढे नेली: एका नळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यातही थेंब टाकायचे. ते नक्की शून्य. दोन्ही नळ्या खिडकीशी, पांढऱ्या कागदावर टेकवून शेजारी शेजारी धरल्या की वाद मिटतो. रोज असं करायची गरज नाही, शंका आली की पुरे. पाण्यात रंगीत औषध असेल तेव्हा मात्र टाकीच्या नुसत्या पाण्याची नळी शेजारी हवीच.

तिसरी, कार्बोनेट कठीणपणा, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवणारे पाण्यातले क्षार, मोजायची सोय या पेटीत नाही. ज्यांचं पाणी मृदू आहे त्यांना ती हवीच, कारण पाण्यातला हा आधार संपला की पीएच एकदम कोसळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. मित्राने त्यासाठी वेगळी बाटली घेतली आहे.

पण या संचाची खरी किंमत मला गेल्या वर्षी कळली. नवे ८ टेट्रा आणले होते. आधीच्या धड्यानंतर नवा मासा तीन आठवडे वेगळ्या २५ लिटरच्या टाकीत ठेवायचा नियम केला होता. पाचव्या दिवशी सकाळी दिवा लावला तर दोघांच्या शेपटीवर साखरेच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट. आपण बघतो तो ठिपका म्हणजे कातडीखाली शिरून वाढणारा परजीवी, आणि तिथे त्याला औषध पोहोचत नाही. पोसला की तो गळून तळाला जातो, कवचात फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं निघतात आणि नवा मासा शोधत पोहत सुटतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्यांना. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं ही सगळ्यात घातक चूक. ते गेलेले नसतात, तळाशी तयारी करत असतात. पाणी गरम असलं की हे चक्र भराभर फिरतं, म्हणून तापमान हळूहळू वाढवतात.

मी दोन दिवसांत हीटर २५ वरून २९ वर नेला. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप वाढवला. फिल्टरमधला कार्बन काढला, तो औषध शोषून घेतो. मॅलाकाइट ग्रीन अर्ध्या डोसाने सुरू केलं. आणि रोज सकाळी दोन नळ्या. पहिले तीन दिवस अमोनिया शून्य. चौथ्या दिवशी ०.२५, पाचव्या दिवशी ०.५. टाकी छोटी, आठ मासे, आणि मी त्यांना अंगात ताकद राहावी म्हणून जरा जास्तच खायला घालत होतो. त्या सकाळी मासे धापा टाकत होते. अडीच वर्षांपूर्वी असतो तर औषध कमी पडतंय असं समजून डोस वाढवला असता. नळी हिरवी दिसली म्हणून निम्मं पाणी बदललं, क्लोरीन काढलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच औषध परत टाकलं. खाणं एक दिवस बंद, मग अगदी चिमूटभर. दुपारपर्यंत कल्ले शांत झाले. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी दहा दिवस उपचार चालू ठेवला. आठातले सात वाचले. मोठ्या टाकीत एकही ठिपका गेला नाही.

संच काय करू शकत नाही तेही सांगतो. माझ्या एका गुरामी माशाच्या पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा चट्टा आला. पाणी सगळ्या तपासण्यांत उत्तम. म्हणजे यावेळी दोष पाण्याचा नव्हता, एवढं कळलं, पुढचं नाही. मी ती बुरशी समजलो. ते कॉलमनॅरिस होतं, जिवाणूंचा रोग, कापसासारखा दिसतो म्हणून फसवतो. त्यात पाणी गरम करणं हे आगीत तेल, आणि व्हाइट स्पॉटच्या सवयीने मी नेमकं तेच केलं. ती गुरामी दोन दिवसांत गेली. रोग ओळखायला डोळे आणि टॉर्च लागतात. अंगावर सोनेरी भुकटी दिसते का, खवले उभे राहिलेत का, चट्ट्याची कड कशी आहे, हे कुठलीही नळी सांगणार नाही.

पट्ट्या बुडवून बघायच्या तपासण्याही मी वापरल्या आहेत. झटपट होतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि डबीत दमट हवा शिरली की त्या बिघडतात. घाईत नायट्रेटचा अंदाज घ्यायला ठीक. मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तेव्हा मला पट्टी हातात नको.

नवी टाकी लावणाऱ्याने मासे आणायच्या आधी हा संच घ्यावा. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात आधी अमोनिया वर जाऊन खाली येतो, मग नायट्राइट वर जाऊन खाली येतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. ज्यांची टाकी जुनी आणि शांत आहे त्यांना आठवड्यातून एकदा नायट्रेट आणि पीएच पुरेल.

एक व्यवहाराची गोष्ट. अमोनियाच्या दोन बाटल्या बाकीच्यांच्या खूप आधी संपतात, आजारपणात तर रोज लागतात. त्या सुट्याही मिळतात, पूर्ण पेटी घ्यायची गरज नाही. बाटलीवरची मुदतीची तारीख मात्र बघून घ्या. माझी जोडी तळाला आली आहे, नवी कपाटात आणून ठेवली आहे.